कोपऱ्याचा शेजार

"या विश्वाच्या पाठीवर असा एकही माणूस जन्मलेला नाही, आणि पुढंही जन्मणार नाही, जो हा बाजार नऊ रंगांपेक्षा कमी रंगांत रंगवून दाखवील! नऊ!"

उत्तमराव गुरुजींनी हे वाक्य चिंचटेकच्या चावडीत उभं राहून, उजवा हात वर करून आणि शेवटच्या 'नऊ'ला दोन्ही टाचा उचलून उच्चारलं. मग सरपंच पुंजाजींनी बंडीच्या खिशातून घड्याळ काढलं, कानाला लावलं, डोळ्यांसमोर धरलं.

"नऊ नाई गुर्जी, सव्वानऊ झाले," ते म्हणाले. "बसा. अन् ते रंगाचं काय म्हणत होते तुम्ही?"

गुरुजी बसले. टाचा मात्र आधीच खाली आल्या होत्या.

गोष्ट चौसष्ट सालातली. महाराष्ट्र नुकताच चार वर्षांचा झाला होता आणि गावोगावी काहीतरी बांधायची हौस आली होती. जानेफळपासून अडीच कोसांवरच्या चिंचटेकनं बाजारासाठी सिमेंटचा एक भलामोठा चौथरा बांधला. गवंड्यानं त्यावर ओल्या सिमेंटात सुतळी दाबून आडव्याउभ्या रेघा ओढल्या, आणि सहा ओळी, दर ओळीत सहा, असे छत्तीस चौकोन पाडले. एका चौकोनात एक विकणारा. याआधी बाजार मातीत भरायचा. तेव्हा भांडणं नव्हती, कारण कोणाची जागा कुठं संपते हे कोणालाच ठाऊक नव्हतं. रेघा आल्या आणि भांडणं आली. त्यात आठवडाभरातच धुळीनं रेघा बुजल्या. रेघा गेल्या, भांडणं राहिली. कांदेवाल्याचे कांदे मिरचीवालीकडे, मिरचीवालीचं सूप लसणाच्या ढिगात.

यावर पुंजाजींनी तोड काढली होती, आणि ती खरोखर चांगली होती. प्रत्येक चौकोन रंगवायचा. शेजारशेजारच्या दोन चौकोनांना एक रंग द्यायचा नाही. म्हणजे कांदा दुसऱ्याच्या रंगात गेला की अख्ख्या बाजाराला लांबून दिसेल. चिखलीहून सहदेव पेंटर बोलावून घेतला होता. त्याचा एकच सवाल होता: रंग किती आणू? नुसते कमीत कमी सांगा, उगाच डब्यांचं ओझं यष्टीत कोण चढवून देते?

पुंजाजी म्हणाले, "गणिताचं काम दिसते. गुर्जीले इचारा."

या एका वाक्यानं उत्तमराव गुरुजींच्या आयुष्यात काय खळबळ उडाली, ते सांगायला हवं. गुरुजी एकतीस वर्षं मुलांना गणित शिकवत होते. आपण गणिती आहोत असं त्यांना वाटे. डोक्यावर काळी टोपी घालत, आणि ही टोपी शाळामास्तरची नसून गणितीची आहे, अशा बेतानं ती किंचित पुढं ओढून घेत. त्यांना स्वतःबद्दल फारसे भ्रम नव्हते. जे होते ते त्यांनी जपून ठेवले होते. पण एकतीस वर्षांत गावानं त्यांना गणित असं कधी विचारलंच नाही. पत्र वाचून द्या म्हणत. पोराचं नाव सुचवा म्हणत. एकदा तर म्हैस दूध का देत नाही हेही विचारून झालं होतं. गणित म्हणून विचारलेला हा पहिलाच प्रश्न. निदान त्या दिवशी चावडीत गुरुजींना तसं वाटलं. हा पहिला नव्हता, दुसरा होता. पण पहिला ते सोयीस्कर विसरले होते. त्याची आठवण पुढं त्यांना करून देण्यात आली.

"साधं आहे," गुरुजी बसल्या जागेवरून म्हणाले. "मधला एक चौकोन घ्या. त्याला चार बाजूंनी चार शेजारी. चार कोपऱ्यांनी आणखी चार. आठ झाले. अन् एक तो स्वतः. नऊ जण, नऊ रंग."

हिशेब असा सरळ होता की चावडीला तो पटला. अडचण निराळीच निघाली.

"लाल," पुंजाजी बोटांवर मोजू लागले. "पिवळा. हिरवा, निळा. काळा अन् पांढरा. भगवा. मंग?"

"जांभळा," कोणीतरी म्हणालं.

"आठ. नववा?"

बराच वेळ नववा रंग सापडेना. "म्हशीचा," मागून कोणी बोललं. "तो काळ्यात गेला," पुंजाजी म्हणाले. शेवटी सहदेव पेंटर उभा राहिला. "भाऊ, म्या सिनेमाचे बोर्ड रंगवतो, टरकाच्या पाट्या रंगवतो. नऊ रंग म्या जिंदगीत एका जागी वापरले नाई. गुर्जी, जरा कमी नाई का होणार?"

"विश्वात नाही," गुरुजी म्हणाले. पण आवाज मघापेक्षा एका विश्वानं लहान झाला होता.

घरी आल्यावर त्यांनी अंगणात खडूनं छत्तीस चौकोन आखले आणि बायकोला, सरस्वतीबाईंना, हाक मारली.

"नऊ प्रकारचं धान्य दे. मूठमूठ."

सरस्वतीबाई चार वाट्या घेऊन बाहेर आल्या. तूर, मूग, हरभरा, उडीद.

"नऊ म्हटलं होतं मी."

"घरात चारच हाय. पाचवी डाळ पाह्यजे असंन तं दुसरं घर पाहा."

गुरुजी नाइलाजानं बसले. पहिल्या ओळीत तूर, मूग, तूर, मूग असं मांडत गेले. दुसऱ्या ओळीत तूर-मूग घेता येईना, कोपऱ्याला लागत होते. म्हणून हरभरा, उडीद, हरभरा, उडीद. तिसऱ्या ओळीला हात वाटीवर घुटमळला. पाचवं धान्य हवं होतं. ते नव्हतं. मग हळूच त्यांच्या लक्षात आलं की पहिली ओळ आता लांब गेली, तिसऱ्या ओळीला ती लागतच नाही. तूर-मूग पुन्हा वापरता येतात. चौथीला पुन्हा हरभरा-उडीद. करता करता छत्तीसही चौकोन भरले आणि कुठंही तुरीला तूर लागली नाही, ना बाजूनं ना कोपऱ्यानं.

गुरुजी उकिडवे बसून बघत राहिले. मधल्या चौकोनाचे आठ शेजारी हे खरंच होतं. पण त्या आठांनी एकमेकांचे रंग उसने घ्यायला कोणाची हरकत होती? हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. घरात नऊ डाळी असत्या तर आलंही नसतं.

"चारातच झालं वाटते," सरस्वतीबाई दारातून म्हणाल्या.

"मला ठाऊक होतं."

"मंग नऊ कुठून आणले होते?"

"तो प्राथमिक अंदाज होता."

"हाव. लग्नाच्या टायमालेही 'पोरगं लय हुशार हाय' म्हणून तुमच्या बापानं असाच प्राथमिक अंदाज सांगतला होता," बाई म्हणाल्या. "उडीद येचून ठेवा. उद्या वडे हायेत."

दुसऱ्या सभेला गुरुजी टोपी धुऊन आले. खरं तर एवढ्यावरच थांबून 'चार' एवढंच सांगायचं होतं. पण नऊची नाचक्की धुऊन काढायची होती, आणि माणूस एकदा धुवायला बसला की किती पाणी ओततो याला मोजमाप राहत नाही.

"चार!" ते म्हणाले. "आणि चाराहून एकही कमी नाही. कोणी कमी रंगांत हा बाजार रंगवून दाखवला, तर ही टोपी मी भर बाजारात बनाबाईच्या वांग्याच्या टोपल्यात टाकीन, अन् पुन्हा जन्मात 'गणित' हा शब्द उच्चारणार नाही!"

"मागच्या टायमाले विश्व होतं," पुंजाजी म्हणाले, "या टायमाले टोपी आली. हे बरं हाय. टोपी दिसते तरी."

"सिद्ध करून देतो."

आणि गुरुजींनी सिद्ध केलं. आजही ते सांगतात की त्या सकाळी मांडलेली सिद्धता निर्दोष होती, आणि नेमकं तेच नडलं. त्यांनी चावडीच्या फरशीवर खडूनं एक फुली काढली. चार घरं झाली. एका घरात पुंजाजींना बसवलं, दुसऱ्यात सहदेव पेंटरला. तिसऱ्यात स्वतः बसले. चौथ्या घरात कोणी येईना, तेव्हा भिंतीशी बसलेले शेषराव पागोटं सावरत उठले आणि बरोबर गुरुजींच्या समोरच्या कोपऱ्यात मांडी घालून बसले. चौघांची तोंडं मध्ये, गुडघे फुलीवर.

"आता बघा. माझा गुडघा पुंजाजींना लागला?"

"लागला."

"सहदेवला?"

"टोचून राह्यला गुर्जी."

"अन् शेषरावांना? समोर आहेत ते. बाजू लागत नाही, नुसता कोपरा. पण लागला का नाही?"

शेषराव जरा पुढं सरकले. गुडघ्याला गुडघा लागला.

"लागला," शेषराव म्हणाले.

"म्हणजे चौघंही एकमेकांचे शेजारी! मग दोघांना एक रंग देता येईल? नाही! चार माणसं, चार रंग!"

"थांबा गुर्जी," शेषराव शांतपणे म्हणाले. "नुसता कोपरा लागला, तरी शेजार झाला?"

"झाला!"

"तुमचा न माहा?"

"तुमचा न माझा! सिद्ध झाला!"

शेषराव हसले. गेल्या बावीस वर्षांत ते गुरुजींकडे बघून हसले नव्हते, हे गुरुजींच्या ध्यानात यायला हवं होतं. पण गुरुजी तेव्हा टाचांवर होते. बसल्या बसल्या माणूस टाचांवर कसा राहतो ते त्यांनाच ठाऊक.

ध्यानात आलं ते घरी, चटणीभाकरीच्या पहिल्या घासाला. घास तसाच हातात राहिला.

"काय झालं?" सरस्वतीबाईंनी विचारलं.

"मी शेषरावाला शेजारी म्हणालो."

"अरे बाप्पा," बाई म्हणाल्या आणि खालीच बसल्या.

गावाच्या दक्षिणेला, टेकाच्या उतारावर, एक दगड रोवलेला होता. त्या दगडाशी चार वावरं येऊन मिळत. त्यातलं एक गुरुजींचं, आणि त्याच्या बरोबर तिरप्या अंगाला, दगडापलीकडे, शेषरावांचं. रस्त्याला लागायचं तर शेषरावांच्या बैलगाडीला दगडाला वळसा घालून गुरुजींच्या वावराच्या कोपऱ्यातून चार पावलं जावं लागे. नाही तर नाल्याच्या काठानं मैलभर फेरा. गावात रिवाज असा की ज्याचा धुरा, म्हणजे बांध, आपल्या धुऱ्याला लागतो, त्या धुरेकऱ्याच्या गाडीला सुगीत वाट द्यायची. बाकीच्या दोघांनी कधीच दिली होती. बेचाळीस साली शेषराव गुरुजींच्या वडिलांकडे आले आणि म्हणाले, काका, मी तुमचा धुरेकरी, वाट द्या.

वडलांना द्यायची नव्हती. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी आपल्या तरण्या, मास्तर झालेल्या मुलाला विचारलं, "उत्तम, तू शिकला हाय. काई कायदा काढ." आणि उत्तमनं काढला. गणिताचा. चिठ्ठी लिहिली आणि शेषरावांच्या घरी पोचती केली. गुरुजींना विचारलेला गणिताचा पहिला प्रश्न तो हा. त्याचं उत्तर गुरुजींनी अचूक दिलं होतं आणि तेव्हापासून शेषरावांची गाडी नाल्यानं फिरत होती.

"तो इसरला असंन," सरस्वतीबाई म्हणाल्या.

"हसला तो."

"मंग नाई इसरला."

बाजाराच्या दिवशी सकाळी सहदेव पेंटर चार डबे घेऊन हजर झाला. लाल, पिवळा, हिरवा, निळा. चौथरा झाडून ठेवला होता. विकणाऱ्या बाया टोपली डोक्यावरून उतरवून कडेला उभ्या होत्या. गुरुजी हातात कागद घेऊन कुठल्या चौकोनाला कुठला रंग ते सांगणार, एवढ्यात बनाबाई पुढं आली. बनाबाई माळ्याची, वांगी, टमाटे, भाजी विकायची. वीस वर्षांपासून याच बाजारात, आणि वीस वर्षांपासून कोणाचंही न ऐकता.

"गुर्जी, चार कायले?"

"सिद्ध झालंय, बनाबाई."

"झालं असंन. पण पाहा." ती खाली बसली. टोपल्यातून एक वांगं काढून एका चौकोनात ठेवलं. शेजारच्यात टमाटं. पुढच्यात वांगं, मग टमाटं. दुसऱ्या ओळीत टमाट्यापासून सुरुवात. वांग्याच्या खाली टमाटं, टमाट्याच्या खाली वांगं. बघता बघता चार ओळी मांडल्या. "झालं का दोनात? लाल अन् निळा आणा म्हणा. बाकीचे डबे राहू द्या."

गुरुजी वाकून बघू लागले. मग त्यांना हवं ते दिसलं.

"कोपरा! हे बघा, कोपऱ्यात वांग्याला वांगं लागलं!"

"लागलं तं लागू द्या. वांगं काय वांग्यासंग भांडते?" लोक हसले. बनाबाई हसली नाही. "गुर्जी, वीस वर्सं बसून राह्यले मी. भांडण होते ते बाजूवाल्यासंग. याची पाटी माह्याकडं सरकते, माही त्याच्याकडं. कोपऱ्यावाला तं कोण हाय तेही मले मालूम नाई. कोपऱ्यातून कोणाची पाटी सरकते? कोपऱ्यातून मुंगी जाते."

"दोनात होते तं चार कायले?" पुंजाजी म्हणाले. आणि मागून कोणीतरी, बहुधा एखादा जुना विद्यार्थी, म्हणाला, "टोपी!"

"टोपी! टोपी!" सगळा बाजार म्हणू लागला. बनाबाईनं वांग्याचं टोपलं जरा पुढं सरकवलं, त्यात वाईट हेतू नव्हता, सोय म्हणून.

गुरुजींनी हात टोपीकडे नेला. खरं सांगायचं तर ते घाबरले होते. टोपीखाली काय आहे ते त्यांना माहीत होतं.

"थांबा!" गर्दीतून शेषराव पुढं आले. "गुर्जी बरोबर हायेत."

गुरुजींचा हात टोपीवरच राहिला. बावीस वर्षांत या माणसानं 'गुर्जी बरोबर' असं कधी म्हटलं नव्हतं.

"कोपरा लागला म्हणजे शेजार लागला," शेषराव म्हणाले. "गुर्जींनी सोता सिद्ध केलं. माह्या गुडघ्याले गुडघा लावून केलं. दोन रंग चालत नाई. चारच पाह्यजे. फकत," त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून एक कागद काढला, घडीवर फाटलेला, पिवळा पडलेला, "हे आधी मिटवा लागते. सहदेव, तुले अक्षर येते. वाच."

सहदेवनं ब्रश तोंडात धरून कागद उलगडला, मग ब्रश काढून, सिनेमाची जाहिरात वाचावी तशा आवाजात वाचला:

"'श्री. शेषराव यांस. बिंदूस लांबी नसते व रुंदीही नसते. सबब आपला धुरा आमच्या धुऱ्यास लागत नाही. सबब आपण धुरेकरी नाही. सबब वाट देता येत नाही. कळावे. उत्तम.'" तो थांबला. "खाली लाल शाईनं रेघ हाय."

"दोन रेघा," गुरुजी पुटपुटले. त्यांना आठवत होतं. 'सबब' तीन वेळा लिहिताना किती बरं वाटलं होतं तेही आठवत होतं.

"आता सांगा गुर्जी," पुंजाजी म्हणाले. "एकच जवाब द्या. कोपरा लागला म्हणजे शेजार होते का नाई होत?"

"बाजारातला कोपरा आणि वावरातला कोपरा, यांत सूक्ष्म फरक..."

"कोपरा तो कोपरा. जो जवाब बाजाराले, तोच वावराले."

असं गणित गुरुजींनी कधी कोणाला घातलं नव्हतं. नाही म्हणावं, तर बाप बरोबर, चिठ्ठी बरोबर, वाट वाचली. पण दोन रंग पुरतात, आणि टोपी वांग्यात. हो म्हणावं, तर चार रंग, टोपी डोक्यावर. आणि उद्यापासून शेषरावाची गाडी बापाच्या वावरातून. बापानं मरताना एवढंच सांगितलं होतं की उत्तम, कोपरा देऊ नको. मरताना बाप गणितावर इतका विसंबून होता, हे आठवून त्यांना गलबलून आलं. आणि त्याच वेळी बाजाराची एकशेवीस माणसं आपल्या टोपीकडे बघताहेत हेही त्यांना दिसत होतं.

त्यांनी सरस्वतीबाईंना शोधलं. त्या पिशवी घेऊन लसणापाशी उभ्या होत्या. जवळ आल्या आणि हळू म्हणाल्या, "अहो, टोपीखालचं टक्कल मी रोज पाह्यते. गावाले काऊन दाखवता?"

प्रश्न सुटला.

"कोपरा लागला," उत्तमराव गुरुजी खणखणीत आवाजात म्हणाले, "की शेजार लागला!"

"अन् वावरात?"

"वावरातही."

मग पुंजाजींनी पागोटं काढून हातात घेतलं. म्हाताऱ्या बाया एकमेकींना सांगू लागल्या की माणूस असावा तर असा, बापाच्या वेळचं वैर भर बाजारात सोडून दिलं, शिकलेल्याचं काळीजच निराळं. गुरुजींनी कोणालाही दुरुस्त केलं नाही. टोपीसाठी दिलेल्या वाटेला लोक मोठं मन म्हणत असतील, तर त्यात आपण कशाला पडा? शेषरावांनी मात्र चिठ्ठीची घडी केली, खिशात घालू लागले, मग थांबले. बावीस वर्षं छातीशी बाळगलेल्या त्या कागदाचं आता काय करायचं, हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी ती गुरुजींच्या हातात दिली.

"ठेवा, गुर्जी," ते म्हणाले. "अक्षर चांगलं हाय."

सहदेवनं दोन दिवसांत चौथरा रंगवला. लाल, पिवळा, लाल, पिवळा; खाली हिरवा, निळा, हिरवा, निळा. गुरुजी सावलीला खुर्ची टाकून बसले होते आणि दर चौकोनाला मान हलवत होते. लांबून टेकावरून पाहिलं तर गावाच्या मधोमध कोणी नवी वाकळ वाळत घातल्यासारखं दिसे. मेहकरहून एक साहेब आले, नारळ फोडला, गुरुजींचं नाव घेऊन 'आपल्या गावातले थोर गणिती' असं म्हणाले. गुरुजींनी टोपी पुढं ओढून घेतली. त्याच आठवड्यात शेषरावांची पहिली गाडी ज्वारीच्या कणसांनी भरून, दगडाला वळसा घेऊन, कोपऱ्यातून गेली. गुरुजी बघायला गेले होते. चाकानं चार पावलांची वाट पडली. त्यात कोणाचं काही गेल्यासारखं दिसलं नाही. शेषरावांनी खाली उतरून दोन कणसं त्यांच्या हातात ठेवली, आणि गुरुजींना ती घरी न्यायला फार लाज वाटली.

मग पुढचा बाजार आला. गुरुजी मुद्दाम गर्दी भरल्यावर गेले. आज पहिल्यांदा त्यांचं गणित चालू अवस्थेत दिसणार होतं. चौथऱ्यावर चढले, बाजाराच्या मधोमध जाऊन उभे राहिले, आणि इकडंतिकडं बघू लागले.

रंग नव्हते.

म्हणजे होते; पण रंगीत सिमेंटवर उघडं कोण बसेल? उन्हानं तापतं, शिवाय भाजीला रंगाचा वास लागतो म्हणे. छत्तीसच्या छत्तीस जणांनी आपापल्या चौकोनात पोती अंथरली होती. सगळी पोती एकाच रंगाची. छत्तीस चौकोन, एक रंग. हे उत्तर गुरुजींच्या कुठल्याच अंदाजात नव्हतं, प्राथमिकही नाही.

त्यांनी खाली पाहिलं. ते बरोबर एका फुलीवर उभे होते, चार पोत्यांची टोकं जिथं मिळत होती तिथं. एक पोतं बनाबाईचं. तिच्या कोथिंबिरीची, तिच्या भाषेत सांभाराची, एक जुडी घरंगळली होती, आणि तिची मुळं बनाबाईच्या पोत्यावर, पण शेंडा तिरप्या अंगाच्या लसूणवाल्याच्या पोत्यावर. बाजूनं नव्हे. कोपऱ्यातून! गुरुजींनी वाकून पोत्याची टोकं जरा उचलली. इकडं लाल, तिकडं निळा. कोपऱ्यातून मुंगी जाते म्हणाली होती. जुडी गेली होती! दोनच रंग असते तर लालावर लाल, कोणाला कळलंही नसतं. चार रंग हवेच होते. बाप चुकला, चिठ्ठी चुकली, बनाबाई चुकली. ते बरोबर होते, आणि पुरावा पायाशी होता.

गुरुजी सरळ झाले. टोपी पुढं ओढली. उजवा हात वर केला. टाचा उचलल्या.

"मंडळी!" ते म्हणाले. "या विश्वाच्या पाठीवर..."

"गुर्जी," बनाबाई खालून म्हणाली, "ते असू द्या, पण जरा मांगं सरका. सांभार तुडवून राह्यले तुम्ही."